दौंडला कामाला असलेला मी

माझ्या आधार कार्डाच्या दहा झेरॉक्स काढून, दहाही कागदांवर आगाऊ सह्या मारून, त्या मी ओळखपाळख नसलेल्या माणसांना वाटल्या.

असं एका वाक्यात लिहिलं की मी वेडा ठरतो. पण तेव्हा मला ती हुशारी वाटली होती. रांजणगावात काम शोधायचं तर ठेकेदारांची माणसं चहाच्या टपरीवर भेटतात. भेटली की पहिला शब्द 'झेरॉक्स', दुसरा 'सही'. पेन त्यांच्याकडं नसतं आणि माझ्याकडंही नसतं. म्हणून शिरूरच्या दुकानात बसून मी सगळ्या प्रतींवर एकदाच झोकदार सह्या केल्या, प्रत्येकीला फोटो टाचला आणि लग्नपत्रिका वाटाव्यात तसा गठ्ठा घेऊन फिरलो. कुणाचा फोन आला, "दादा, फॉर्म भरतोय, मोबाईलवर नंबर आला आसंल तेवढा सांगा," की तोही सांगायचो. वर "बसला का बरोबर?" म्हणून चौकशी करायचो.

त्यातल्या एका ठेकेदाराकडून काम लागलं. तीन वर्षं मशीनवर उभा राहिलो. मग कायम करायच्या यादीत माझं नाव आलं आणि ऑफिसातल्या मॅडमनी बोलावून घेतलं.

"तुम्ही दौंडला पण कामाला आहात का?"

"नाही मॅडम. मी इथंच हाय."

"पीएफच्या खात्यात चार महिन्यांपासून दौंडची एक कंपनी दिसतेय. म्हणजे तुम्ही तिथंही आहात."

मी आठवू लागलो. लाज वाटते सांगायला, पण खरंच आठवू लागलो. दौंडला शेवटचं कधी गेलो होतो, कुणाच्या साखरपुड्याला, आणि जेवणाच्या पंगतीत कुणाला काही कबूल तर केलं नव्हतं ना.

मॅडम म्हणाल्या, "तो माणूस तुम्ही नाही, असं त्या कंपनीचं पत्र शनिवारपर्यंत आणा. नाहीतर यादीतून नाव जाईल. माझ्या हातात काही नाही."

घरी बायकोनं विचारलं, "कुणाकुणाला दिल्या?" सहा नावं सांगता आली. उरलेल्या चार झेरॉक्स कुठं आहेत, हे आजही सांगता येणार नाही.  दुसऱ्या दिवशी ती पर्स काखेला मारून माझ्याआधी एसटी स्टँडवर उभी होती.

कारखाना दौंडच्या बाहेर, खोकी बनवणारा. गेटवरच्या वॉचमनला मी माझं नाव सांगितलं. त्यानं रजिस्टरावरून बोट फिरवलं.

"हे तर सकाळीच आत गेल्यात."

"व्हय, पण तो मी न्हाई."

"मग त्यांचं नाव कशाला सांगताय?"

 बायकोनं त्याला काय समजावलं कोण जाणे, त्यानं आम्हाला टाइमकीपरकडं सोडलं. टाइमकीपर पिकल्या केसांचे होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी फाईल काढली. माझा फोटो, माझा पत्ता, माझीच झोकदार सही. फोटोतला माणूस वेगळा आणि रोज कामाला येणारा वेगळा, हे चार महिने कुणी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही म्हंजी हेच, याला पुरावा?"

मी खिशातून कार्डाची आणखी एक झेरॉक्स काढली.

"ही तर आमच्याकडंबी हाय," आप्पा म्हणाले.

भिंतीवर हजेरीचं मशीन होतं. माझ्या नावाचा अंगठा त्यात आहे म्हणाले, म्हणून मी पुढं होऊन आपला अंगठा ठेवला. मशीननं लाल दिवा दाखवला. मी पँटला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. तेवढ्यात आप्पांनी 'मला' आतल्या शेडमधून बोलावून घेतलं. माझ्याहून बारीक, कपाळावर पुठ्ठ्याची धूळ. त्यानं अंगठा टेकवला तसा हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर माझं नाव आलं. त्या क्षणी, देवाशपथ, माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

त्यानं सवयीनं माझं नाव सांगितलं. मग खाली बघितलं आणि दुसरं सांगितलं. त्याच्या कार्डावर जन्मतारीख चुकलेली, त्यामुळं कुठं घेत नव्हते. ठेकेदारानं हा कागद हातात दिला आणि सांगितलं, या नावानं हाक आली की ओ द्यायची. एवढंच त्याला ठाऊक होतं. मी रागावायचं ठरवून आलो होतो. पण माझ्याच नावाच्या माणसावर ओरडायला जीभ उचलेना.

बायकोनं पर्स उघडली आणि माझं मूळ कार्ड टेबलावर ठेवलं. ते घरी देव्हाऱ्याखाली आहे असा माझा समज होता.

आप्पांनी कार्ड, मी आणि फोटो असं तीनदा पाहिलं. मग पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता बोलत होते. "सही कोरी देऊ नये. कशासाठी दिली ते झेरॉक्सवर लिवायचं, आडवं, तारखेसकट. आन् मोबाईलवरचा नंबर तर सख्ख्या भावालाबी सांगू नये. पोलीस चौकीतबी अर्ज द्या." मी मान हलवत होतो. दाराशी तो अजून उभा होता.

"आप्पा, मग उद्या मी कुठल्या नावानं येऊ?"

"स्वतःच्या. आधी तारीख नीट करून आण, जागा ठेवतो."

पत्रावर शिक्का बसला. मी ते दोन्ही हातांनी घेतलं, घडी घातली, आता यादीतलं नाव वाचलं म्हणून आप्पांच्या पाया पडायलाही वाकलो. त्यांनी खांद्याला धरून उठवलं.

"ऱ्हाऊ द्या. चार महिन्यांत ह्या नावाचा एक खाडा न्हाई, एक तक्रार न्हाई. आता तुमच्या ताब्यात चाललंय, म्हणून जरा काळजी वाटती."