तळटीप मंडळींच्या शेवटच्या गाण्याचं वऱ्हाड

"तुळशीच्या लग्नाला कुणी साताऱ्याहून पनवेलला जातं का?"

आमच्या वन्संचा, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचा, हा प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या दारात तुळस आहे, बाजारात ऊस आहे, चिंचा-आवळे शेजारीण फुकट देते. तरी मी बॅग भरत होते, कारण बोलावणं तळटीप मंडळींचं होतं.

ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा दोघांचाच बँड. निखिल गिटार वाजवतो, गातो आणि पोट भरायला न्हावा शेवाच्या बाजूला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात बंदरातला माल सोडवायची कागदपत्रं करतो. अनघा गाणी लिहिते, पेटी वाजवते आणि ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. स्टुडिओची पायरी दोघं कधी चढली नाहीत. एक जुना कॅसेट रेकॉर्डर, मिळेल ती खोली आणि एकच टेक. चुकलं तर चुकलं, पुस्तकात नाही का छपाईच्या चुका राहत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या गाण्यांत मागे कुकर शिट्ट्या मारतो, कुणी शिंकतं, लिफ्टचं दार वाजतं. आवाज खरखरीत येतो अशी तक्रार लोक करतात. येतोच. माझ्या स्टेशनरीच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा तीच खरखर मला सोबत करते.

तर झालं असं की अनघाला कॅनडात नोकरी लागली. जायच्या आधी एक शेवटचं गाणं व्हायचं होतं आणि तिथेच घोडं अडलं होतं. त्यांच्या तिसऱ्या अल्बममध्ये, 'भाडेकरू'मध्ये, एका गाण्यामागे खालच्या मजल्यावरून एका बाईचं गाणं पुसटसं ऐकू येतं. ती त्यांची करंजाड्याची घरमालकीण, यमुनाकाकी. काकी धवलारीण आहेत, म्हणजे आगरी लग्नांत विधी चालू असताना धवले गाणारी बाई. रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी त्यांच्या घरी पुतण्याचं लग्न होतं. अनघाने शेवटचं गाणं खास काकींच्या आवाजासाठी लिहिलं आणि काकींनी वर्षभर नकारघंटा वाजवली. मांडव नाही, लग्न नाही, तर धवला नाही.

मग अनघाला युक्ती सुचली. तुळशीचं लग्न हेही लग्नच. काकी "बरा" म्हणाल्या. विमानाचं तिकीट त्याच आठवड्यातलं होतं, म्हणजे हे नाही तर काहीच नाही. त्यांच्या ग्रुपवर आम्हा श्रोत्यांना पत्रिका आली, तिच्यात तळटिपासुद्धा होत्या: वऱ्हाड म्हणून यावे, मोबाइल बंद ठेवावे.

वन्संना बँडशी काही देणंघेणं नव्हतं. मला एकटीला सोडायचं नाही म्हणून त्या निघाल्या. घरी पूजेला कुणी नाही, म्हणून देवघरातला पितळी बाळकृष्णही नॅपकिनमध्ये गुंडाळून पिशवीत घेतला. देवालाही एक्सप्रेसवे दाखवताय का, म्हणून मी एसटीत चिडवलं तर त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जाणं स्वस्त. वाटेत गाडी फूड मॉलवर थांबते तेव्हा मात्र चहाचे दर पाहून डोळे पांढरे होतात, डबा आणि थर्मास घेऊन निघा. दुसरं, बसताना कंडक्टरला विचारून ठेवा. काही गाड्या पनवेल स्टँडात न जाता हायवेलाच उतरवतात आणि मग बॅगा घेऊन पुलाखालून पायपीट. आमची झाली.

आम्ही खांदेश्वर स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. खोली साधी, स्वच्छ, दोघींना नऊशे, गरम पाणी फक्त सकाळी. खांदेश्वर मुद्दाम निवडलं होतं. दुसरा अल्बम, 'शुद्धिपत्र', इथल्याच एका सोसायटीत अनघाच्या मावशीच्या बेडरूममध्ये गाद्या भिंतीला टेकवून केलेला. त्यात एका म्हाताऱ्याचं गाणं आहे. तो रोज पेपरातलं फक्त शुद्धिपत्र वाचतो, कारण कधीतरी आपलं चुकीचं छापलेलं नाव दुरुस्त होईल अशी त्याला आशा आहे. ती बिल्डिंग मी हुडकून काढली. गेटवर वॉचमनने कुणाकडे जायचंय विचारलं. कुणाकडेच नाही, नुसती बघायची आहे, असं सांगितल्यावर त्याने वन्संकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पिवळी बिल्डिंग, वाळत घातलेले कपडे, एक सायकल. मी इतकी खूश झाले की फाटकापाशी उभं राहून अख्खं गाणं गुणगुणले.

जेवायला पनवेलच्या एका आगरी खानावळीत गेलो. वन्संचा शनिवार, त्यांनी साबुदाणा मागवला. मी जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. जिताडा महाग असतो, ऑर्डर द्यायच्या आधी भाव विचारायला लाजू नका. मी लाजले आणि महागात पडलं, पण त्या रश्शासाठी मी पुन्हाही लाजेन.

आपलं ऑफिस दाखवायचं निखिलने ग्रुपवर कबूल केलं होतं, त्याप्रमाणे रविवारी सकाळी तो स्वतःच्या स्कूटरवरून घ्यायला आला. ज्या आवाजाने मला कित्येक दुपारी सोबत केली तो आवाज समोर उभा राहून, नाश्ता झाला का, असं विचारत होता. मी काहीतरी बरळले. आम्ही रिक्षा केली आणि त्याच्या मागोमाग न्हावा शेवाच्या रस्त्याला लागलो. एका जागी एवढे कंटेनर मी जन्मात पाहिले नव्हते, लाल, निळे, गंजके, एकावर एक चढवलेले. बंदरात पासशिवाय सोडत नाहीत, गेटाजवळ फोटोही काढू नका. रिक्षाचे पैसे आधी ठरवा आणि परतीचंही आधीच बोला, कारण तिकडे रिकामी रिक्षा सहज मिळत नाही.

निखिलचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, रविवारी बंद. पहिला अल्बम, 'पावतीच्या मागे', इथेच झाला, अशाच सुट्टीच्या दुपारी. त्यातल्या पहिल्या गाण्याचा ठेका मला नेहमी वेगळा वाटायचा. ढोलकी नाही, टाळी नाही. निखिलने कपाटातून एक रबरी शिक्का काढला आणि टेबलावर ठप-ठप-ठप वाजवून दाखवला. अंगावर काटा आला. वन्संनी तो शिक्का मागून घेतला आणि रद्दी कागदावर हौसेने मारत बसल्या. एवढंच? मग हे आमच्या तलाठ्यालाही जमेल, असंही म्हणाल्या. निखिल मनापासून हसला. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला की काकी आज गायल्या नाहीत तर अनघा कॅनडाला जाऊन वर्षभर स्वतःलाच दोष देत बसेल. मी दोन वर्षांची ओळख असल्यासारखी त्याची समजूत घातली.

संध्याकाळी करंजाडे. सगळीकडे नव्या बिल्डिंगी, मधेच एखादा मोकळा प्लॉट आणि त्यात म्हशी. काकींची जमीन नवी मुंबई वसवताना सरकारकडे गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर चार मजले उभे राहिले. गच्चीत उसाचा मांडव, झेंडूची तोरणं, रंगवलेलं वृंदावन. कोपऱ्यात स्टुलावर तो कॅसेट रेकॉर्डर. मी त्याला हात जोडायचीच बाकी होते. आम्ही पाच-सहा श्रोते, बाकी बिल्डिंगमधली मंडळी. अनघा बारीक अंगाची, चष्मा, पेटीपुढे बसून सारखी कागद बघत होती. काकी आल्या त्या हिरवं लुगडं, गळाभर सोनं आणि हातात भाडेकरूने बंद न केलेल्या नळाची तक्रार घेऊन. सगळीकडे नजर फिरवून त्यांनी विचारलं, "नवरा खय हाय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. निखिल म्हणाला, "काकी, बाळकृष्ण तुमच्या देवघरातला घेऊ ना."

"मी पोरीची आय," काकी म्हणाल्या. "पोरीवाले नवरा घरातूनच काढतान काय? नवरा बाहेरशी येते. त्याचे मानसा येतान. नवरा नाय तर लगीन नाय, आन लगीन नाय तर धवला नाय."

वरातीमागून घोडं ऐकलं होतं. इथे वरात होती, मांडव होता, तळटिपांची पत्रिका होती आणि नवराच आणायचा राहिला होता. उजेड उतरत चाललेला. अनघाने कागद खाली ठेवला आणि चष्मा काढून डोळे पुसले. एवढ्यात वन्संनी पिशवीत हात घातला, नॅपकिन सोडला आणि पितळी बाळकृष्ण तळहातावर उभा केला.

"आमचा मुलगा," त्या म्हणाल्या. "साताऱ्याचा. मानपान बघून मगच लग्न लावू."

त्यानंतर त्या दोघी बायकांनी लग्नाचा ताबा घेतला आणि आम्ही बँड-बिंड सगळे विसरलो. वन्सं वरमाय झाल्या, मी करवली. त्यांनी पाय धुवायला पाणी मागितलं, काकींनी आणलं. वन्सं रुसल्या, काकींनी नारळ देऊन रुसवा काढला. अंतरपाट म्हणून कुणाचीशी ओढणी. निखिलने हळूच रेकॉर्डरचं बटण दाबलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अनघाने पेटीवर सूर धरून पहिलं कडवं म्हटलं आणि काकींकडे पाहिलं.

काकींनी डोळे मिटले. आवाज जाड, किंचित फाटलेला, कसलीही घाई नसलेला. आधी त्यांनी आम्हालाच धरलं:

"सातारशी आयला गो नवरा,
पिशवीन बसून आयला."

गच्ची खदखदून हसली. वन्संनी पदर तोंडाला लावला. मग सूर उतरला. पोरीला निरोप द्यायचा धवला होता तो. काकींनी डोळे उघडले ते तुळशीकडे नाही, अनघाकडे बघत.

"पोर माजी चालली दर्याचे पार गो,
कोन इचारल तिला, जेवलीस काय."

यानंतर अनघाचं शेवटचं कडवं होतं, अख्खं गाणं त्यावर उभं होतं. निखिलची गिटार तिथवर पोचली, पुन्हा फिरून आली, पुन्हा पोचली. अनघाच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलले, आवाज आला नाही. तिने नुसता पेटीचा एक सूर दाबून धरला आणि काकी तीच ओळ म्हणत राहिल्या, जवळ सरकून, तिच्या पाठीवर हात ठेवून. मी रडत होते, ते लपवायचंही सुचलं नाही.

बटण बंद झाल्यावर निखिलने काकींना विचारलं, एकदा परत म्हणाल का, कडवं राहिलं. एकाच टेकचा नियम मोडायला तो पहिल्यांदाच निघाला असेल.

"पोर दिली," काकी म्हणाल्या. "परत कशी देव?"

अनघा म्हणाली, "राहू दे निखिल. माझ्या कडव्याला तिथे कामच नव्हतं." जिने तीन अल्बमभर शब्दांवर शब्द रचले तिचं हे वाक्य. नंतर ऊस सोलून खाल्ला, चिवडा-लाडू खाल्ले, वन्सं आणि काकी विहिणींसारख्या भांडत एकमेकींना ताटात वाढत बसल्या. निघताना अनघाने मला घट्ट मिठी मारली आणि काकींनी वन्संच्या हातात तुळशीचं रोप दिलं. सून न्यायची असते म्हणाल्या.

सोमवारच्या एसटीत बाळकृष्ण माझ्या मांडीवर, सून वन्संच्या मांडीवर.

जावं का तिकडे? माझ्यासारखे वेडे असाल तर जरूर जा, एक मुक्काम पुरतो. पण खरं सांगायचं तर बघण्यासारखं तिथे काही नाही. एक पिवळी बिल्डिंग, एक बंद ऑफिस, एक गच्ची. मी एवढी हरखून गेले ती त्या गाण्यांमुळे. आणि मनात राहिलंय ते, न म्हटलेलं कडवं.

गाणं आलं तेव्हा अनघा जाऊन महिना होत आला होता. दुकानात फोनवर लावलं. खरखर आहे, हसण्याचा गलका आहे, कुठेतरी ट्रक मागे घेतल्याचा आवाज आहे. वन्सं वह्यांचे गठ्ठे मोजत होत्या, मोजायच्या थांबल्या. पिशवीच्या ओळीला हसल्या. मग ती दुसरी ओळ आली, कोन इचारल तिला, आणि पुन्हा आली, आणि पुन्हा.

"अगं, मग विचार की," वन्सं म्हणाल्या. "नंबर आहे ना तुझ्याकडे?"

मी मेसेज टाकला. जेवलीस का?

तिकडे किती वाजले होते कोण जाणे. गाणं संपायच्या आत उत्तर आलं. "नाही अजून. आत्ता भात टाकते."