बिनडोळ्यांचे मोर

चांदसाब ग्राफवाल्यांच्या मोरांना डोळे नसतात, हे अख्ख्या सोलापुरात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, याचा मला आजही गर्व आहे. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एवढं तरी दिसायला हवं की! चांदसाब चादरीची नक्षी कागदावर काढतात. ग्राफच्या या कागदावर बारीक चौकोन असतात. ते भरले की त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढतात आणि चादरीत फुलं, वेली, मोर उतरतात. मोराची मान, तुरा, पिसारा सगळं जागच्या जागी. डोळ्याचा चौकोन तेवढा कोरा.

"अब्बांची शिकवण," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "जीव ओतणं अल्लाचं काम. मोर काढून पोट भर म्हणाले, पण डोळा काढून त्याची बरोबरी करू नको." गिऱ्हाइकाला हे कधी कळलंच नाही. अंगावर मोर आहे की कोंबडा, झोपल्यावर कोण बघतो!

आता हे काम सगळे संगणकावर करतात, त्यांचा मुलगा अतीकसुद्धा. सत्तरीतले चांदसाब मात्र कानावर पेन्सिल खोचून खिडकीपाशी बसतात, चहा बशीत ओतून पितात आणि कशाचीही तक्रार करत नाहीत. माझ्यासारख्या कुरकुऱ्याला राग यावा इतका सुखी माणूस.

तर गेल्या वर्षी मीनाबाई त्यांच्याकडे आल्या. चांदसाब ज्या कारखान्याला नक्षी देत, तिथं मीनाबाईंनी वीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्या. आता बुद्धविहाराचं महिला मंडळ त्यांच्या शब्दावर चालतं.

"चांदभाई, जयंतीला विहारात बाबासाहेबांचं इणलेलं चित्र लावायचं हाय. फ्लेक्स नगं, लई फाटत्यात. तुमच्याच हातचं पायजे."

चांदसाब पटकन हो म्हणाले आणि घाम मला फुटला. या माणसानं जन्मात कधी चेहरा काढला नव्हता, आणि बिनडोळ्यांचा मोर खपतो, माणूस कसा खपेल? अतीकची काळजी वेगळी होती. "अब्बा, निवडणुकीचे दिवस हायत. तिकडचे म्हणतील, आमचे बाबासाहेब ह्यांनी का काढले? आपले म्हणतील, आपल्यातल्यानं तसबीर का काढली?"

"तोंडं बोलायलाच दिलीत," असं म्हणून चांदसाब कामाला लागले.

दीड महिन्यानं मागावरून नमुना उतरला तेव्हा मीनाबाई आणि मी तिथंच होतो. रुंद कपाळ, कोट, टाय, सगळं हुबेहूब. मला हेवा वाटला. आणि चष्म्याच्या आत दोन पांढरे गोल. मुद्दाम केलेलं नव्हतं हो! पन्नास वर्षांची सवय. डोळ्यापाशी आला की त्यांचा हात आपोआप पुढं सरकतो. चांदसाब स्वतःच बघत राहिले.

मीनाबाईंचा आवाज चढला. "ज्यानं आमाला डोळं दिलं, त्यालाच तुमी आंधळा केला व्हय?"

चांदसाबांनी खाली मान घालून अब्बांची गोष्ट सांगितली. अतीक लगेच म्हणाला, "तेवढे डोळे मी संगणकावर भरतो. तुमच्या हाताला दोष नको." मी मान डोलावली. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही, असं मला वाटलं.

मीनाबाईंनी नमुना हातात घेतला. मग म्हणाल्या, "नगं. चांदभाई, वडलांचा शबूद मोडू नगा. भरायचं न्हाय तर कुणीच भरू नगा. आमी विहारात फोटो लावतो की. हे माझ्या घरात ऱ्हाऊ द्या, हाय तसं." राग कुठल्या कुठं गेला होता. त्या नमुन्याची हळुवार घडी घालायला लागल्या.

"थांबा, मीनाताई," चांदसाब म्हणाले. "तुमी माझ्या बापाचा मान ठेवला. मग तुमच्या बापाचा मान मी ठेवायला नको?"

"आणि वर जबाब कोण देणार?" अतीकनं विचारलं.

"मी देतो. तुझ्या संगणकाला तिथं कोण विचारतंय?"

चांदसाबांनी त्या चित्राचा चौकोनांचा कागद पुढं ओढला. एकेका डोळ्याला अकरा चौकोन लागले. मी शेजारी उभा राहून मोजत होतो. डावा झाला, उजवाही झाला. मीनाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि माझेही डोळे भरून आले, ते कशाला लपवू?

शेवटचा चौकोन भरून चांदसाबांनी वर बघितलं, तर कागदावरून बाबासाहेब त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्याच हातचं कुणीतरी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघत होतं. ते उठून उभे राहिले, सदऱ्याची गळ्यापाशी सुटलेली गुंडी लावली आणि हळूच म्हणाले, "जयभीम, साहेब."