शेंदूर पुसलेला पेला

लष्करी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात एका सेनापतीचे चांदीचे चमचे आहेत. त्यांच्यावर स्वतंत्र दिवा लावलाय. चमचे कोणत्या लढाईत कामी आले, ते लिहिलेलं नाही.

आम्ही मात्र एक पेला बघायला गेलो होतो. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावर माझ्या शेजारी एक म्हातारी राहते, तिच्या भावाचा. तो लढाईत गेला. देह आला नाही. ट्रंक आली, तिच्यात हा इनॅमलचा पेला. तेव्हापासून दरवर्षी नवा भात निघाला की त्याचे पोहे कांडायचे, पहिली मूठ पेल्यात घालायची, पेल्याला शेंदराचं बोट लावायचं. त्यानंतरच घरानं नवं खायचं.

संग्रहालयाची माणसं सैनिकांच्या वस्तू गोळा करत आली, तेव्हा तिची समजूत घालणारा शहाणा मीच. मास्तर होतो ना! "आजी, आता देश बघेल तुमच्या दादाला." पेला स्वीकारायला डहाणूत मंडप उभारला. शाल, नारळ आणि लांबलचक भाषण. ऐकून वाटावं, वक्ताच हुतात्मा झालाय.

यंदा भात निघाला आणि ती म्हणाली, "गुरजी, दादा तिकडं उपाशी हाय. मी कशी खाऊ?"

म्हणून पोहे पदराच्या गाठीत बांधून आम्ही गेलो. पेला दालनात नव्हताच, कोठारात होता. मी आवाज चढवला तेव्हा हातमोजे घातलेल्या अधिकाऱ्यानं तो ट्रेमधून आणला. पांढरा, लखलखीत.

"वरचा सगळा मळ काढलाय," तो हिंदीत कौतुकानं म्हणाला.

मळ म्हणजे तिचा शेंदूर. इतक्या वर्षांची बोटं.

"यो आमचा नाय," ती म्हणाली.

त्यानं पेला उलटा करून बुडावरचा नंबर दाखवला. "नंबर तो वही है, माताजी."

"नंबर तुमचाच हाय. आमचं व्हतं ते तुम्ही घासलं."

तरी तिनं गाठ सोडली. मूठ पेल्यापर्यंत गेली, तोच त्यानं ट्रे मागे ओढला. खाण्याचे पदार्थ आत चालत नाहीत. नियम.

परतताना मी म्हणालो, "पेला परत मागायचा अर्ज करतो."

"करा. द्यायचा कागुदबी तुम्हीच लिवलेला."

तीन अर्ज झाले. उत्तर एकच, छापील: आपल्या भावनांचा आदर आहे. चमच्यांना दिवा, आम्हाला आदर.

तिच्या कणगीत नवा भात भरून आहे. ती रेशनचा तांदूळ शिजवते.