वाया गेलेला कागद

छापखान्यात शाई नीट जुळेपर्यंत तेच वाया गेलेले कागद यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरवतात. त्यांच्यावर लग्नपत्रिका, औषधाच्या जाहिराती आणि आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकातल्या घोषणा एकमेकींवर चढतात आणि काहीच वाचता येत नाही. परवा बांधणीकाम करणाऱ्या सुमनताईंनी त्यातला एक कागद आपल्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला. लालावर निळा चढला होता आणि कोपऱ्यात पिवळा उजळला होता.

"काढा ते," मालक म्हणाले. "गिऱ्हाईक काय म्हणेल? लावायचं तर देवाचं चित्र लावा."

"दिवसभर इथं मी बसते, गिऱ्हाईक नाही," ताई हातातली पत्रकं दुमडता दुमडता म्हणाल्या.

चित्रानं कष्टकऱ्यांची बाजू घ्यावी, या मताचा मी. मीही विचारलं, "पण ताई, याचा अर्थ काय?"

"गोधडीत लालाशेजारी निळा तुकडा लावते, तेव्हा कुणी अर्थ विचारत नाही. बरं दिसतं का, एवढंच बघतात."

अमूर्त चित्रकला श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून आली, असं मी आवेशानं लिहिलं होतं. ती तर आमच्या अंथरुणावर होती. कशाच्याही कामी न येणारा रंग फक्त स्वतःच्या डोळ्यांसाठी मागणं हाही कष्टकऱ्यांचा हक्क आहे, आणि आमच्या एकाही पत्रकात तो नव्हता.

मालक बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उलटा लागलाय वाटतं."

"मला असाच बरा दिसतो," ताई म्हणाल्या.

मालकांनी मान हलवली आणि ते आत गेले. कागद भिंतीवरच राहिला.