बावखलाची चव

काकी सकाळी बावखलाच्या पायऱ्या उतरायच्या, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. पाणी गालातल्या गालात घोळवायच्या, बाजूच्या अळवावर थुंकायच्या, आणि मग वर ताटकळलेल्या बायकांकडे बघून एकच शब्द टाकायच्या, "गोडं." तो शब्द आला की कळश्या हलायच्या. त्याआधी वटारच्या त्या वाडीत झाडाला थेंबभर पाणी मिळत नसे.

तुम्ही वसईकडचे नसाल तर बावखल म्हणजे काय ते सांगते. वाडीत खणलेलं उथळ तळं. पावसाळ्यात ते भरतं, पाणी आजूबाजूच्या जमिनीत मुरतं आणि त्यावर झाडं वर्षभर तगतात. मी वटारच्या शाळेत शिकवायला आले तेव्हा मला ते चक्क डबकं वाटलं होतं. मी मूळची साताऱ्याकडची, विरारच्या नव्याकोऱ्या फ्लॅटात राहणारी, आगाशीवरून बसने येणारी. मला काय कळणार!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा गावोगावची बावखलं भराव टाकून बुजवत होते आणि वर इमारती उठत होत्या. काकींकडेही माणसं नकाशे घेऊन येऊन गेली. काका वारलेले, मूलबाळ नाही. पण या बाईने काय करावं? बावखलाभोवतीची सगळी वाडी गावातल्या बायकांना मोकळी करून दिली. हिंदू, ख्रिस्ती मिळून आठजणी. लावा, जगवा, खा, उरलं तर आगाशीच्या बाजारात नेऊन विका. अट एकच, आत कुंपण घालायचं नाही.

"मग कुणाचं झाड कुठलं, हे कळतं कसं?" मी विचारलं.

"कशाला कळायला पायजे?" काकी म्हणाल्या.

काय वाडी होती हो ती! वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर चढलेली पानवेल, मध्ये राजेळी केळी, पायाशी हळद, सुरण, अळू. भर उन्हाळ्यात आत शिरलं की अंगावर गारवा यायचा. मी मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिथेच जाऊ लागले. काकी माझ्या हातावर काहीतरी ठेवायच्या, कधी पान, कधी मातीचं ढेकूळसुद्धा. "आधी चाखून बगा, बाई. मंग बोला." एकदा शेतकी खात्यातला एक तरुण अधिकारी बाटलीत माती भरून तपासायला घेऊन गेला. काकींनी चिमूटभर जिभेवर ठेवून त्याला तिथल्या तिथे सांगितलं, की नारळाकडच्या कोपऱ्यात खार चढलाय, बाकी ठीक. महिन्याने त्याचा कागद आला. त्यात तेच होतं. मी तोंडात बोट घातलं.

आणि तरी, एवढं बघूनही, शहाणपणा पाजळला तो मीच.

त्या वर्षी मे महिन्यात बावखल फार खाली गेलं. केळी माना टाकू लागली. राजेळी पिकली की ती वाळवून सुकेळी करून विकायची, त्यावर या बायकांच्या पोरांची वह्या-पुस्तकं, औषधपाणी चालायचं. मी म्हटलं, "त्यात काय एवढं? आमच्याकडे पाणी आटलं की खोल जातात. बोअर मारा."

काकी नको म्हणाल्या. "खाली दर्या हाय, बाई."

"अहो काकी, दर्या तिकडे अर्नाळ्याला!" मी म्हटलं. सगळ्या हसल्या. काकी हसल्या नाहीत.

बोअरवाला मीच शोधून आणला. जमीन काकींची, त्यांनी ठामपणे नाही म्हटलं असतं तर कुणाची बिशाद नव्हती. पण त्या एवढंच म्हणाल्या, "वाडी सगळ्यांची, तर ठरवायचं पन सगळ्यांनी." हात वर झाले. काकींचा सोडून सगळ्यांचे.

पाणी धो धो लागलं. मी पेढे वाटले, देवा! पंधरा दिवसांनी केळीच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या. वाटलं, ऊन लागलं असेल. मग पंपाच्या पाण्याखाली काकींनी ओंजळ धरली, तोंडात घेतली आणि लगेच थुंकून टाकली. "खारं." त्यांनी बावखलाचं पाणीही चाखलं. तेही खारं झालं होतं. आमच्याकडे खोल गेलं की पाणी लागतं, इथे वरचं गोड पाणी उपसून खोल गेलं की समुद्र आत येतो. हे त्या गावातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. मला नव्हतं, आणि माझ्या मास्तरीणपणाच्या रुबाबापुढे बाकीच्या गप्प बसल्या होत्या.

निम्मी केळी गेली. पानवेल मुळापासून वाळली. मी आठ दिवस वाडीकडे फिरकले नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती. नवव्या दिवशी काकी शाळेच्या दारात उभ्या.

"डबा एकटी खातेस व्हय?" म्हणाल्या. तोवर मला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. "चल. फावडं धरायला माणूस कमी हाय."

पंप काढला. बोअरचं तोंड बुजवलं. बावखलातला गाळ आम्ही नऊजणींनी हाताने काढला, तळ न खरवडता. सगळ्या वाडीचं पावसाचं पाणी बावखलात येईल असे पाट खणले. माझ्या हातांना फोड आले आणि मला बरं वाटलं. काकींनी नियम घातला, तिसऱ्या पायरीच्या खाली पाणी गेलं की कळशी बुडवायची नाही, झाड मेलं तरी चालेल. रोज सकाळी त्या चाखायच्या. "खारं." एक पावसाळा गेला. "खारं." रोझी, आमच्यातली सगळ्यात तोंडाळ, म्हणायची, "काकी, जरा खोटं तरी बोल ना!" दुसरा पावसाळा सरता सरता एका सकाळी काकींनी पाणी तोंडात घेतलं, आणि थुंकल्याच नाहीत. गिळलं. रोझीने तिथेच गुडघे टेकले. मी रडत सुटले.

पुढे काही वर्षांनी काकींना तापाने महिनाभर झोपवलं. उठल्या त्या जिभेची चव घालवून. मीठ आणि साखर सारखंच. मला वाटलं, आता रोझी चाखेल, ती इथलीच. काकींनी मला पायऱ्यांवर बोलावलं.

"तू चाख."

"मी? काकी, मीच तर..."

"म्हनून तूच. खारं कसं असतं ते तुझ्याइतकं कोन ओळखील?"

तेव्हापासून मी पहिल्या बसने येऊन, शाळेआधी ओंजळ घ्यायची. काकी वरच्या पायरीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी "गोडं" म्हटलं की डोळे मिटायच्या, जणू पाणी त्यांनीच चाखलं.

काकी गेल्या तो ऐन एप्रिल. सकाळी खांदा देऊन माणसं परतली. वाडीत आल्यावर बघते तर सगळ्या कळश्या घेऊन पायऱ्यांवर उभ्या, माझी वाट बघत. केळीला दोन दिवस पाणी नव्हतं. मी खाली उतरले, ओंजळ भरली, तोंडात घेतली. खारट लागलं. वरच्या पायरीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"खारं," मी कसंबसं म्हटलं.

रोझी दोन पायऱ्या उतरून आली आणि पदराने माझं तोंड खसाखसा पुसलं. "बाई, डोळ्यातलं पानी ओठावर आलंय तुमच्या. परत चाखा."

मी परत ओंजळ भरली. डोळे मिटले. पाणी गालातल्या गालात घोळवलं.

"गोडं," मी म्हटलं, आणि कळश्या हलल्या.