कानाशी धरलेला फ्लोट

गाडी गळतेय म्हणून कुणी आलं, की मेस्त्री आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचे. मग कार्बोरेटरची वाटी खोलून आतला पितळी फ्लोट फडक्यानं पुसायचे आणि उजव्या कानाशी धरून हलवायचे. डोळे मिटलेले. बाजारात आपण नारळ हलवून बघतो तसं. मग निकाल सांगायचे. "बोलतोय," नाहीतर, "गप हाय."

ज्यांनी कार्बोरेटर कधी उघडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाटीत पेट्रोल भरलं की हा पोकळ फ्लोट तरंगत वर येतो आणि एका बारीक सुईनं पेट्रोलची वाट बंद करतो. त्याला बारीक भोक पडलं तर पेट्रोल त्याच्याच पोटात शिरतं, तो जड होतो, बुडतो, आणि पेट्रोल वाटीतून उतू जाऊन रस्त्यावर सांडत राहतं. फ्लोट वाजला म्हणजे भोक आहे. मग मेस्त्री त्याला डाख लावून भोक बुजवायचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी मेढ्याला जनावरांच्या दवाखान्यात होतो. हुद्दा लहान, पण वाड्यावस्त्यांवर सगळे डॉक्टरच म्हणत. मोटारसायकल जुनी, रस्ते दगडांचे, त्यामुळं गळती कायमची. मी गोठ्याशी पोचलो की माणसं लगबगीनं विड्या विझवत. पहिलं वर्षभर मी तो मान समजत होतो.

मेस्त्रींची पत्र्याची शेड एसटी स्टँडच्या मागं. तरुणपण फौजेच्या वर्कशॉपात काढून ते गावी आलेले. सकाळी शेड उघडली की हात स्वच्छ असतानाच बाबासाहेबांच्या फोटोला फूल वाहायचं आणि मगच पान्याला हात लावायचा. एकदा हात काळे झाले की संध्याकाळपर्यंत फोटोकडं फिरकायचे नाहीत.

जीभ तिखट. एका गुरुजींनी गळती थांबावी म्हणून कार्बोरेटरला फडकं गुंडाळलं होतं. मेस्त्रींनी ते दोन बोटांनी सोडवलं आणि विचारलं, "गुरुजी, पोराला हगवण लागली तर नुसतं लंगोट बांदून भागतंय का?" बाकावरची माणसं हसली. गुरुजीही हसले, पण जरा उशिरा.

साताऱ्यातले मेकॅनिक फ्लोट गरम पाण्यात टाकून बुडबुडे येतात का बघतात, असं कुणी सांगितलं की मेस्त्रींना राग यायचा. "पानी कशाला? आंडी उकडायचीत व्हय? कान दिलाय की निसर्गानं." त्या कानाचं तालुक्यात नाव होतं. लोक कोयनेच्या बाजूनं गाड्या ढकलत आणत, त्या मेस्त्रींनी एकदा फ्लोट हलवावा म्हणून.

एका उन्हाळ्यात मी गाडी दाखवली. त्यांनी फ्लोट हलवला. "गप हाय. सुईच झिजलीय." नवी सुई बसवून गाडी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या एका वाडीतून निरोप आला, म्हैस वेताला अडलीय. मी निघालो आणि चढाला गाडी बंद पडली. टाकी कोरडी, आणि मागं रस्त्यावर ओल्या ठिपक्यांची रांग. बॅग खांद्यावर टाकून तासभर चढलो. म्हैस वाचवली. पोटातली रेडी मात्र गेली. म्हैस पहिलारू होती, आणि घरातल्या म्हाताऱ्या मावशी त्या रेडीसाठी आठवडाभर गोठ्यातच निजत होत्या. मावशींनी मला चहा दिला. तो तसाच ठेवून मी उतरलो.

सकाळी मी संतापून गाडी ढकलत शेडमध्ये नेली आणि सगळं सांगितलं. मेस्त्रींनी कॉक बंद केला. फ्लोट काढला, कानाशी धरून हलवला. "गप हाय," म्हणाले.

मी दोन हात अंतरावर उभा होतो. आत पेट्रोल खळखळत होतं. मला ऐकू येत होतं. बाकावरच्या दोघांनाही येत असावं, कारण ते एकदम आपापल्या चपला बघायला लागले.

माझा राग तिथंच उतरला. बोलावं तर आयुष्यभराचं नाव चारचौघांत जाणार, न बोलावं तर उद्या कुणाची तरी गाडी तापलेल्या इंजिनावर पेटणार. मी म्हणालो, "मेस्त्री, माझ्या समाधानासाठी एकदा गरम पाण्यात टाका."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग स्वतः उठून चहावाल्याकडून गरम पाण्याचं पातेलं आणलं आणि फ्लोट दाबून धरला. शिवणीपाशी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. पाणी कोमट होईपर्यंत ते ती माळ बघत बसले.

"लय वाजत हुतं?" माझ्या ओठांकडं बघत त्यांनी विचारलं.

"थोडंसं."

"डाक्टर, तुमी मुक्या जनावरांचं बगता. खोटं बोलायची सवं न्हाई तुमाला." मग त्यांनी डाख लावला. इतका सुबक डाख मी पुन्हा पाहिला नाही.

दिवाळीच्या आत शेड बंद झाली. मेस्त्री सांगलीला लेकीकडं गेले. खात्याच्या कामासाठी मी तीनदा सांगलीला गेलो. दर वेळी त्यांना भेटायचं ठरवलं आणि दर वेळी एसटीची वेळ झाली असं स्वतःलाच सांगून परत आलो. चूक मीच दाखवली होती. समोर जायचा धीर होत नव्हता. चौथ्यांदा गेलो तेव्हा मेस्त्री वारले होते. लेकीनं पाणी दिलं, मी ते पिऊन निघालो.

पुढं त्याच वाडीत त्याच म्हशीसाठी गेलो. या वेळी सगळं सुखरूप झालं. मावशी रेडीला पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "आवं डाक्टर, मागं तुमचा मेस्त्री आला हुता हितं. रेडी गेली त्याच्या दुसऱ्याच दिशी. चालत."

मला हे ठाऊकच नव्हतं. मी विचारलं, "कशाला?"

"अंगणात हुबा ऱ्हाऊन लय मोठ्यानं बोलाय लागला. मला वाटलं, भांडाय आलाय. मग कळलं, माझ्या कानापायी तुमची रेडी गेली, माफ करा, म्हनतोय." मावशींचा आवाज मुळातच बारीक, त्यात पदर तोंडाशी. "मी म्हनलं, बाबा, तुजा काय दोष न्हाई. चारदा म्हनलं. त्याला ऐकूच जाईना वं. तसाच गेला उतरून."