लेकुरवाळ्या सोडणारे मास्तर

शाळेचं तोंड त्यांनी चौथीपर्यंतच पाहिलं होतं, तेही वर्गाच्या खिडकीतून नदी दिसायची म्हणून. तरी सगळा काठ त्यांना मास्तर म्हणायचा, कारण नदीतून काय पकडावं आणि काय पकडू नये याचे धडे ते न मागता द्यायचे. धंदा झिंग्यांचा. संध्याकाळी बांबूचे सापळे पाण्यात लावायचे, सकाळी उचलायचे आणि प्रत्येक मादी उलटी करून तिचं पोट पाहायचं. पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला की ती परत नदीत. अशा मादीला ते लेकुरवाळी म्हणत. नियम वडिलांचा होता, पण मास्तरांनी तो वडिलांपेक्षा कडक पाळला. घरात खायचे वांधे असले तरी लेकुरवाळी टोपलीत पडली नाही.

"आमच्या घरात माणसांपेक्षा झिंग्यांची बाळंतपणं नीट झाली," त्यांची बायको म्हणायची. मास्तर हसायचे नाहीत. या विषयावर त्यांना थट्टा चालत नसे.

पुढे नदीवर बंधारा आला. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मास्तरांचं घर, खालच्या अंगाला, जिथं नदी खाडीला मिळते तिकडे, थोरल्या भावाचं. वरचं पाणी फुगलं, पसरलं, तळ्यासारखं संथ झालं, आणि वर्षागणिक त्यातले झिंगे कमी होत गेले. खाली दादांच्या सापळ्यात मात्र बऱ्यापैकी मिळत. मास्तरांनी यावर खूप विचार केला. तो चुकला, पण मूर्खपणाचा नव्हता. खेकडीचं त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. अंडी पोटाच्या झाकणाखाली, त्यातून निघतात ते थेट डाळीएवढे खेकडेच, आणि आई त्यांना काही दिवस पोटाशी घेऊन हिंडते. त्यांनी सोडलेल्या खेकड्या वरच्या पाण्यात चांगल्या वाढल्या होत्या. काठाच्या चिखलात पाय ठेवावा तिथं बीळ. मग झिंग्यांचं काय वेगळं असणार? मी लेकुरवाळ्या सोडतो, म्हणजे पिल्लं होत असणार. होऊनही दिसत नाहीत, म्हणजे बंधाऱ्यावरून खाली जातात आणि तिथं कोणीतरी खातंय. आणि लेकुरवाळ्या राजरोस विकणारा माणूस नदीवर एकच होता, त्यांचा दादा.

एके सकाळी भर बाजारात त्यांनी दादांची टोपली पालथी केली. तेवढ्यावर थांबले असते तर भांडण आठवड्यात मिटलं असतं. पण माणूस खरा असला की त्याच्या जिभेला लगाम राहत नाही. "पोटातली पोरं खाणारं घर आहे हे!" मास्तर ओरडले. वहिनी तिथंच तराजू धरून उभी होती. तिची दोन मुलं पोटातच गेली होती; तिसरी, एकुलती मुलगी, तेव्हा तिच्या पदराला धरून उभी होती. वहिनी तराजू खाली ठेवून खाली सांडलेले झिंगे वेचू लागली.

आई गेली तेव्हा मास्तरांचे दुधाचे दातही पडले नव्हते. त्यांना न्हाऊ-माखू घालून वाढवलं ते याच वहिनीनं. शब्द तोंडातून सुटला त्याच क्षणी त्यांना कळलं होतं, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. झिंग्यांच्या बाबतीत मी खरा आहे, एवढ्या एका आधारावर ते वर्षानुवर्षं उभे राहिले. खाली गेले नाहीत. वहिनी वारल्याचा निरोप आला तेव्हा कपडे करून निघाले, बंधाऱ्यापर्यंत पोचले आणि तिथून परतले. बायकोनं विचारलं, "का हो?" तर म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ?"

मग एक दिवस ती पदराला धरून उभी राहिलेली पुतणीच दारात आली. आता चांगली मोठी, झिंग्यांचं बीज तयार करणाऱ्या केंद्रात नोकरीला. केंद्राला वरच्या पाण्यातल्या लेकुरवाळ्या हव्या होत्या.

"काका, द्याल का?"

"लेकुरवाळी मी कोणाला देत नाही. नदीत सोडतो."

"माहीत आहे मला." ती जरा घुटमळली. "पण काका, इथं सोडून तिची पिल्लं जगत नाहीत. झिंग्यांची पिल्लं जन्मल्यावर झिंगे नसतात. धाग्याएवढी असतात, डोकं खाली, शेपटी वर, प्रवाहाबरोबर वाहत जातात. चारपाच दिवसांत खारट पाणी मिळालं नाही तर मरतात. पूर्वी नदी वाहायची, पिल्लं खाडीत पोचायची. आता बंधाऱ्यामागं पाणी उभं आहे."

"वडिलांनी शिकवून पाठवलंय तुला?"

पुतणीचे डोळे भरले, पण पोरगी आईवर गेली होती, आवाज चढवला नाही. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "तुमच्या हातानं करून बघा." खाडीच्या पाण्याचा कॅन तिनं उंबऱ्याशी ठेवला, त्यात साधं पाणी किती घालायचं ते काकूला सांगितलं आणि गेली.

दोन दिवस कॅन तिथंच राहिला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी एक लेकुरवाळी घरी आणली, अंडी केशरीची राखाडी झालेली, म्हणजे फुटायला आलेली. पिल्लं बाहेर पडली तशी त्यांनी ती चमच्यानं उचलून दोन काचेच्या बरण्यांत वाटली, एकीत नदीचं पाणी, दुसरीत खारट. पोरगी म्हणाली तशीच होती ती, शेपटी वर करून पोहणारी, डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे दिसायचे. आयुष्यभर झिंग्यांत राहिलेल्या माणसानं झिंग्याचं तान्हं पहिल्यांदाच पाहिलं. ते बरणीजवळून उठेचनात.

नदीच्या पाण्यातली पिल्लं आधी मंदावली. मग तळाशी धुळीसारखी बसली आणि पुन्हा उठली नाहीत. खारट बरणीतली फिरत होती.

"बरणी वाईट असेल," मास्तर म्हणाले. बरण्या धुतल्या, अदलाबदल केली, दुसरी लेकुरवाळी आणली. पुन्हा तेच. बायको शेजारी येऊन बसली.

"किती सोडल्या असतील गं मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जगवायलाच सोडल्यात."

"जगवायला," मास्तर म्हणाले, आणि तोंडावर हात घेऊन बसले. मेलेल्या पिल्लांचं दुःख होतंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. ज्या एका खरेपणावर उभं राहून त्यांनी वहिनीला शेवटचं पाहिलं नाही, तो खरेपणा बरणीच्या तळाशी धुळीसारखा पडला होता. आता दादानं दार लावून घेतलं तर त्याला चूक म्हणायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या सकाळी सापळ्यांत निघालेल्या लेकुरवाळ्या त्यांनी दोन कानांच्या पत्र्याच्या डब्यात घेतल्या, वर ओला कपडा बांधला, डबा सायकलला मागं बांधला आणि निघाले. बंधाऱ्यापाशी उतरून पहिल्यांदाच पलीकडच्या पायऱ्यांनी खाली गेले. भिंतीतून जिथं पाणी पाझरत होतं तिथं शेवाळावर काहीतरी हलत होतं. वाकून पाहिलं तर नखाएवढे झिंगे. खाडीतून वाढून आलेले, भिंतीला चिकटून वर चढू पाहणारे, हातभर चढून खाली पडणारे, पुन्हा चढणारे. बगळे शांतपणे एकेक टिपत होते. ज्यांतले पुरात बंधारा बुडाला तरच थोडे वर पोचत, ज्यांच्यासाठी सख्ख्या भावाला बाजारात उघडं पाडलं होतं, ते सगळे इथं भिंतीशी अडले होते. मास्तरांनी बगळे हाकलले. ते चार पावलांवर जाऊन बसले.

मास्तर सायकलवरून खाली भावाच्या घरी पोचले तेव्हा दादा अंगणात जाळं शिवत होते. खूप थकले होते. त्यांनी मान वर केली, ओळखलं, आणि सुई चालूच ठेवली.

"काय आणलंस?"

"लेकुरवाळ्या. तुझ्या पाण्यात सोडायला." मास्तरांनी सायकलवरचा डबा सोडून खाली ठेवला. "वर त्या फुकट जातात. मला कळत नव्हतं."

"इथं सोडल्यास तर मी पकडीन."

"पकड," मास्तर म्हणाले. "विक. मी काही बोलणार नाही."

दादांची सुई थांबली. "मी पकडत नाही रे," ते म्हणाले. "त्या बाजारच्या दिवसापासून नाही. तुझ्या वहिनीनंच सांगितलं, पुन्हा लेकुरवाळी या घरात आणायची नाही. सापळ्यात आली की ती स्वतः नेऊन सोडायची."

मास्तर अंगणातच खाली बसले. "मला का नाही कळवलंस?"

"मी निघालो होतो. तिनं अडवलं. म्हणाली, तुम्ही गेलात तर तो लाजेनं मरेल. तो आपणहून येईल, पोर माझं आहे."

"वाट पाहिली तिनं?"

"शेवटपर्यंत."

दादा कण्हत उठले आणि डब्याचा एक कान धरला. दुसरा मास्तरांनी धरला. दोघं हळूहळू पाण्यापर्यंत गेले. वरचा कपडा सोडून मास्तर डब्यासकट पाण्यात उतरले आणि एकेक लेकुरवाळी ओंजळीत धरून त्यांनी प्रवाहात सोडली. डबा रिकामा झाला तरी ते बाहेर आले नाहीत. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून हुंदके देत राहिले, आणि दादांनी त्यांना लगेच बाहेर बोलावलं नाही.